नीतिशास्त्र शिकायला घेताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्याख्या घोकत बसणं. यूपीएससीला 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा पेपर आहे, मुलं सचोटी, करुणा, निःपक्षपातीपणा सगळं पाठ करतात आणि केस स्टडी समोर आली की अडकतात.

त्यापेक्षा आपल्या निफाड-दिंडोरीकडची द्राक्षं घ्या. समजा एकाच शेतकऱ्याचे दोन प्लॉट आहेत, एक युरोपला जाणारा, एक लोकल. निर्यातीच्या प्लॉटला शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत जेवढे दिवस थांबायचं तेवढे तो मोजून थांबतो, कारण रेसिड्यू टेस्टला (फळात औषधाचा अंश उरलाय का, ही तपासणी) फेल झालं की माल हातात राहिला. लोकल माल कोण एवढा तपासतंय? तरी भाव उतरत असताना तो तिथेही थांबला, का तर पंचवटीतलं कुणाचं तरी पोर ते खाणार आहे. काम सेम, कारण वेगळं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1785 मध्ये गिऱ्हाइकाला न फसवणाऱ्या दुकानदाराचं उदाहरण देऊन हेच विचारलं होतं, धंदा टिकावा म्हणून प्रामाणिक राहिलास की कर्तव्य म्हणून? इंग्रज तत्त्वज्ञ मिल मात्र 1861 मध्ये म्हणतो की बुडणाऱ्याला वाचवलं ना, मग बक्षिसासाठी का असेना, काम योग्यच. पोराची तब्येत हे मूल्य, थांबणं ही नैतिकता, आणि का थांबायचं हा जो वाद आहे ना, ते नीतिशास्त्र.

दुसरी चूक, रूढी म्हणजेच नीती समजणं. 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा रूढी दार बंद ठेवणाऱ्यांच्या बाजूने होती. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांचा प्रश्न होता की चालत आलंय म्हणून ते न्याय्य कसं?

याच्याच उलट, 'ज्याचं त्याचं बरोबर' म्हणून मोकळं होणंही चुकीचं, आणि मला हे जास्त घातक वाटतं कारण ते समंजसपणासारखं दिसतं. तसं मानलं तर दार अडवणारेही बरोबर आणि बाहेर उभे असलेलेही बरोबर, मग अन्याय नावाची गोष्टच उरत नाही.

केस स्टडी अडली तर थिअरी नंतर लावा, आधी कागदावर लिहा की नुकसान कुणाचं होणार आणि त्याला कुणी विचारलंय का. द्राक्षांच्या केसमध्ये ते पोर बहुतेक जण लिहायलाच विसरतात.