लेथवर उभे राहण्याआधी: नव्या ॲप्रेंटिसांसाठी काही अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका यंत्रशाळेत मी बरीच वर्षे उत्पादन पर्यवेक्षक म्हणून काम करीत आहे. आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली काही मुले-मुली १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये दरवर्षी आमच्याकडे ॲप्रेंटिस म्हणून दाखल होतात. वर्षभर लेथवर (फिरत्या धातूला कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) उभे राहिले की अनुभव आपोआप अंगी येतो, अशी त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मला ती पटत नाही. एकाच प्रकारच्या यंत्रावर उमेदीची वर्षे घालवलेले दोन कारागीर मी शेजारी शेजारी पाहिले आहेत. एकाला ड्रॉइंग हातात घेताच अडचण कुठे येणार हे सांगता येते, दुसऱ्याला ती जॉब, म्हणजे घडवायचा नग, बिघडल्यावरच कळते. दोघांनी केलेले काम जवळजवळ सारखेच असते, पण झालेल्या कामाला पुन्हा प्रश्न विचारण्याची सवय पहिल्याला असते आणि दुसऱ्याला नसते.

मुळात कोणीही कोऱ्या पाटीने येत नाही. शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, याच गोष्टीचा त्याच्या शिकण्यावर सर्वाधिक परिणाम होतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले होते, आणि शॉपफ्लोअरवर त्याचा प्रत्यय वारंवार येतो. मुरबाडकडच्या एका मुलाला टूलचे, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचे, कोन पाठ होते, पण कठीण पोलादासाठी रेक अँगल (टूलच्या वरच्या बाजूचा उतार; तो जितका जास्त तितकी धार पातळ) कमी आणि ॲल्युमिनियमसाठी जास्त का ठेवायचा, हे त्याला सांगता येत नव्हते. घरी गवत कापायला काय वापरता आणि लाकूड तोडायला काय, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, विळ्याची धार पातळ असते. ती लाकडावर मारली तर मोडेल, म्हणून कोयत्याची धार जाड ठेवतात." त्यानंतर त्याला कोन पाठ करावे लागले नाहीत. तुम्ही शेतात, सायकलच्या दुकानात किंवा घरच्या शिलाई मशीनवर जे काही केले असेल, ते कारखान्याच्या दाराबाहेर ठेवून येऊ नका. नवी गोष्ट समजली नाही की अशा जुन्या गोष्टींतली कोणती तिच्या जवळची आहे, हे स्वतःला विचारा.

आता ज्या सवयीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कामाला हात घालण्यापूर्वी काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा, काम झाल्यावर प्रत्यक्षात काय झाले ते त्याच्यासमोर लिहायचे आणि दोन्हींत फरक पडला असेल तर त्याचे कारण शोधायचे. समजा, ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट आहे आणि ड्रॉइंगवर h७ टॉलरन्स (मापात चालणाऱ्या फरकाची मर्यादा) दिलेला आहे. म्हणजे व्यास ४९.९७५ ते ५०.००० मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. फिनिश कट, म्हणजे शेवटचा बारीक काप, घेतल्याबरोबर मायक्रोमीटर हे बारीक माप घेणारे साधन लावले आणि ४९.९८५ आले, की नवा मुलगा खूश होतो, कारण माप जवळजवळ मधोमध आहे. पण कटिंगच्या उष्णतेने जॉब तापलेला असतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते, त्यामुळे २० अंशांनी तापलेला ५० मिलिमीटरचा शाफ्ट सुमारे १२ मायक्रॉन मोठा भरतो. तोच जॉब थंड झाल्यावर ४९.९७३ दाखवतो आणि रिजेक्ट होतो. मापनासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात; आपल्या शॉपमध्ये इतका गारवा क्वचितच असतो, तरी जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी असून एकाच तापमानाला आले की काम भागते. हे सारे पुस्तकात आहे आणि परीक्षेत मुलांनी ते लिहिलेलेही असते. मात्र "थंड झाल्यावर किती भरेल?" या प्रश्नाचे उत्तर ज्याने आधी आकड्यात लिहून ठेवले आणि नंतर स्वतः मोजून पाहिले, तो तापलेल्या जॉबवर पुन्हा भरवसा ठेवत नाही.

वहीचा दुसरा उपयोग संध्याकाळी होतो. घरी जाताना, टीएमटीच्या बसमध्ये असाल तरी चालेल, दिवसभरात केलेले सेटिंग वही न उघडता क्रमाने आठवून पाहा आणि मगच वहीशी ताडून पाहा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांत असे दिसले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर तो अधिक आठवला, पण आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. मॅन्युअल तीनदा वाचण्यापेक्षा एकदा वाचून दोनदा आठवणे म्हणूनच बरे.

जुन्या कारागिरांकडून शिकताना अडचण वेगळी असते. त्यांना येते पुष्कळ, पण त्यातले बरेचसे शब्दांत सांगता येत नाही. "तुम्ही हे कसे करता?" असे विचारले तर "हाताला कळतं" एवढेच उत्तर मिळते, आणि ते उत्तर खरेच असते. त्यापेक्षा त्यांनी काही बदल केला की लगेच, त्या एका कृतीबद्दल विचारा. एकदा आमच्याकडच्या ज्येष्ठ टर्नरने चालू कट अचानक थांबवला आणि टूल पोस्टमधून बाहेर आलेले टूल थोडे आत घेतले. शेजारच्या ॲप्रेंटिस मुलीने विचारले, "काका, आत्ता काय ऐकलंत?" त्यांनी तिला तोच कट पुन्हा पहिल्यासारखा घेऊन दाखवला, आवाजातली बारीक थरथर ऐकवली आणि पृष्ठभागावर उमटलेल्या लहरींवरून तिचे नख फिरवून घेतले. टूल जितके जास्त बाहेर तितके ते अधिक लवते आणि चॅटर, म्हणजे ही थरथर, येते, हा धडा तिला त्या दोन मिनिटांत कानांनी आणि नखाने मिळाला.

जुना अनुभव कधी कधी फसवतो, हेही सांगितले पाहिजे, आणि यात हुशार मुलेच अधिक सापडतात. काही लेथवर क्रॉस स्लाइडची (टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाची) डायल टूल किती आत गेले ते दाखवते, तर काहींवर व्यास किती कमी होईल ते दाखवते. पहिल्या प्रकारच्या डायलवर ०.५ मिलिमीटर दिले तर व्यास १ मिलिमीटरने घटतो. एका यंत्रावर हात बसलेला माणूस दुसऱ्या यंत्रावर जातो तेव्हा हात जुन्याच हिशेबाने फिरतो. यंत्र बदलले की पहिला कट टॉलरन्सपासून लांब असतानाच घ्या, मोजा, आणि डायलचा हिशेब पक्का झाल्यावरच पुढे जा. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, जाणाऱ्यांनी ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) व्यासात द्यायचा की त्रिज्येत, हे त्या यंत्राच्या सेटिंगवरून आधी पाहावे.

राहिली गोष्ट इतरांच्या अनुभवाची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो, पण मागच्याला ती ठेच दिसली तरच तो शहाणा होणार. जिथे रिजेक्शनचे रजिस्टर ठेवले जाते, तिथे ते पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. "ऑपरेटरची चूक" एवढाच शेरा जिथे असेल तिथे थांबू नका. तो जॉब कोणत्या यंत्रावर होता, शिफ्ट बदलण्याच्या सुमारास बिघडला का, ड्रॉइंगची जुनी प्रत वापरली गेली होती का, हे त्या वेळी हजर असलेल्यांना आदराने विचारा. दोष कोणाचा, हे विचारू नका. त्याने माणसे गप्प होतात. "मला हाच जॉब पुढच्या आठवड्यात करायचा आहे, काय सांभाळू?" असे विचारले की एरवी अबोल असणारे मिस्त्रीसुद्धा स्टूल ओढून बसतात आणि रजिस्टरमध्ये नसलेलेही बरेच काही सांगतात.