टचपॅड आपल्या बोटांच्या सवयीला कसं जुळवावं

सेटिंग्ज उघडण्याआधी पाच मिनिटं आपलाच हात बघा. क्लिक करताना बोट नुसतं टेकवता की पॅड दाबता? अंगठा हवेत असतो की पॅडच्या खालच्या कडेवर विसावलेला? टाइप करताना अंगठ्याच्या मुळाचा फुगीर भाग पॅडला घासतो का? कुठला पर्याय चालू ठेवायचा आणि कुठला बंद, हे या तीन उत्तरांवरच ठरतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड असं जा. तिथे टॅप्स, स्क्रोल अँड झूम आणि तीन बोटांच्या जेश्चर्सचे विभाग दिसले तर तुमचं प्रिसिजन टचपॅड आहे, म्हणजे ते विंडोज स्वतःच हाताळतं, आणि काम सोपं आहे. जेमतेम एकदोन पर्याय दिसले तर बहुधा सिनॅप्टिक्स किंवा इलॅन या टचपॅड कंपन्यांचा जुन्या धाटणीचा ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारं सॉफ्टवेअर, आहे. त्याचे पर्याय माउस प्रॉपर्टीजमधल्या वेगळ्या टॅबमध्ये शोधा. काहीही असो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तासभर नेहमीचं काम करा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरं झालं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही.

टाइप करताना कर्सर मध्येच दुसऱ्या ओळीत उडी मारतो, ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तळहाताचा ओझरता स्पर्श पॅडला टॅप वाटतो. टॅप्समध्ये टचपॅड सेन्सिटिव्हिटी असते, ती मीडियमवरून लो करा. तेवढ्याने भागलं नाही तरच एका बोटाचा टॅप बंद करा. पॅड दाबून क्लिक करणाऱ्याचं त्यात काहीच अडत नाही. मात्र लो ठेवल्यावर कळ दाबल्यानंतर पॅड क्षणभर प्रतिसाद देत नाही. तो बिघाड नव्हे. एका हाताने कळा दाबून दुसऱ्याने पॅड वापरायचं असेल, म्हणजे गेम वगैरे, तर उलट मोस्ट सेन्सिटिव्ह लागेल.

राइट क्लिकचं प्रकरण जरा नाजूक आहे. बहुतेक पॅडच्या खाली एकच स्विच असतो. डावं-उजवं बटण हे बोट कुठे आहे त्यावरून ठरवलं जातं. अंगठा खाली उजवीकडे सरकलेला असेल आणि त्यानेच दाबलं, तर साध्या क्लिकऐवजी मेनू उघडतो. अशांनी खालच्या उजव्या कोपऱ्याचा पर्याय बंद करून दोन बोटांचा टॅप ठेवावा. ज्यांची दोन बोटं स्क्रोल सुरू करताना किंचित आपटतात त्यांना नेमकं उलट करावं लागतं: कोपरा चालू, दोन बोटांचा टॅप बंद. दोन्ही चालू ठेवण्याचा मोह होतो, पण मग चुका दोन्हीकडून होतात.

फाइलवर टॅप करून बोट लगेच पुढे सरकवलं आणि फाइल भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडली, असं होतं? मग दोनदा टॅप करून ओढण्याचा पर्याय काढून टाका. पडलेली फाइल कंट्रोल आणि झेडने परत येते.

कर्सरचा वेग १ ते १० मध्ये असतो. एकेक घर बदला आणि खिडकी बंद करण्याच्या फुलीवर पहिल्या झटक्यात पोचता येतं का बघा. फुली ओलांडून पुढे जात असाल तर एक घर कमी. बोट उचलून पुन्हा ठेवावं लागत असेल तर एक घर जास्त.

लिनक्सवर आता टचपॅड हाताळायला सहसा लिबइनपुट हा सॉफ्टवेअरचा भाग असतो. त्यात टॅप मुळात बंद असतो, काही डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) तो चालू करून देतात. राइट क्लिक कोपरा दाबून की दोन बोटांनी दाबून, हे डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये निवडता येतं. तीन बोटांचा टॅप म्हणजे मधलं बटण, आणि तिथे मधल्या बटणाने निवडलेला मजकूर चिकटतो. दस्तऐवजात मध्येच परका मजकूर उगवला तर संशय आधी यावर घ्या.

कर्सर नुसताच थरथरत असेल तर स्लायडरला हात लावू नका. चार्जर काढून बघा. थरथर थांबली तर दोष विजेच्या गोंगाटाचा आहे, सेटिंगचा नाही. ओलसर बोटं आणि हाताला लावलेलं क्रीमही हाच घोळ घालतात.

अपडेटनंतर पर्याय गायब झाले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचपॅडच्या प्रॉपर्टीजमधून रोल बॅक ड्रायव्हर करा. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून घ्या. हे करताना यूएसबी माउस जोडलेला असू द्या, कारण मध्येच पॅड बंद पडू शकतं.