रास्पबेरी-ब्लॅकबेरी लावायच्या आधी: मराठवाड्यासाठी पावसाळा सरतानाचा सल्ला

हस्ताचा पाऊस ओसरला की रब्बीची धांदल सुरू होते. मोबाइलवर रोपांच्या जाहिरातीही याच दिवसांत वाढतात. विदेशी बेरी, एकरी लाखोंचं उत्पन्न, रोपं आमची, माल आम्हीच उचलणार. सोयाबीनच्या भावाने हात पोळलेला किंवा मोसंबीची बाग काढून टाकावी लागलेला माणूस अशा जाहिरातीकडे वळणारच, त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून दिवाळीआधीच स्पष्ट सांगतो. मराठवाड्यात रास्पबेरी विक्रीसाठी लावू नका. ब्लॅकबेरी लावायचीच असेल तर ती जमिनीत न लावता पिशवीत लावा, आणि एकराऐवजी एका गुंठ्यावर, शेडनेटखाली करून पाहा. हे का म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण उद्या कोणी घरी येऊन गळ घातली तर त्याला काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

पहिली अडचण थंडीची आहे. ही दोन्ही थंड प्रदेशातली झुडपं. त्यांची काडी पहिल्या वर्षी वाढते, हिवाळ्यात झोपते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग मरते. झोपेतून नीट जागं व्हायला तिला ७ अंशांखालच्या थंडीचे तास लागतात. जुन्या पद्धतीच्या रास्पबेरीला असे ८०० तास आणि त्याहूनही जास्त लागतात. ब्लॅकबेरीच्या कमी थंडीत भागणाऱ्या जातींनाही दोन-तीनशे तास हवेत. आता आपला हिशेब करा. परभणीला कडाक्याच्या थंडीत काही रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो, तोही पहाटेचे चार-पाच तास. अशा दहा रात्री धरल्या तरी पन्नासच तास भरतात. थंडी पुरी पडली नाही तर डोळे अर्धवट फुटतात, फुलोरा महिनाभर रेंगाळतो आणि तोडणी कधीच एकदम येत नाही.

यावर एक उतारा आहे. काही जाती पहिल्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर फळतात, त्यांना झोपेची गरज फारशी पडत नाही. रास्पबेरीत १९६९ साली अमेरिकेत आलेली 'हेरिटेज' ही अशीच जात. ब्लॅकबेरीत आर्कान्सा विद्यापीठाने २००४ मध्ये 'प्राइम-जिम' आणि 'प्राइम-जॅन' या जाती दिल्या, पुढे २०१३ मध्ये बिनकाट्याची 'प्राइम-आर्क फ्रीडम' आली. आपल्याकडे विचार करायचा तर याच गटाचा. पण याच जातींवर असंही दिसून आलं आहे की फुलोऱ्यात पारा २९-३० अंशांवर गेला की फळधारणा घटते आणि दाणे सुटे, वेडेवाकडे भरतात. रास्पबेरी तर याहून नाजूक, तिला २० ते २५ अंशांचं हवामान मानवतं. आपल्याकडे फेब्रुवारी संपतानाच दुपारी ३४-३५ अंश होतात आणि मे महिन्यात ४२-४३. महाबळेश्वर-पाचगणीला रास्पबेरी पिकते ती समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरपर्यंतच्या उंचीमुळे आणि तिथल्या लाल, आम्लधर्मी मातीमुळे. परभणी चारशे मीटरच्या आसपास आहे, आणि छत्रपती संभाजीनगर पावणेसहाशेच्या. म्हैसमाळचा माथा थोडा बरा म्हणता येईल, पण तिथेही उन्हाळा मराठवाड्याचाच.

दुसरी अडचण मातीची, आणि माझ्या मते हीच जास्त मोठी. नेट टाकून ऊन अडवता येतं, चुना अडवता येत नाही. या पिकांना सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) साडेपाच ते साडेसहा लागतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, कुठे साडेआठ, आणि खाली चुनखडी. सोयाबीन किंवा उसावर जो केवडा दिसतो, म्हणजे कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तो रास्पबेरीवर पहिल्या दोन महिन्यांतच येतो. "गंधक टाकून सामू उतरवून घ्या" असं सांगणारे भेटतील. त्यांच्यापुढे हा हिशेब मांडा: नांगरटीच्या थरातला दर एक टक्का मुक्त चुना संपवायला एकरी सुमारे ३ टन गंधक लागतं. माती परीक्षणात चुना ५ टक्के आला तर १५ टन, आणि आपल्याकडे ५ टक्के काही विशेष नव्हे. जिप्सम चोपण जमिनीला उपयोगी आहे, पण चुनखडीच्या जमिनीचा सामू त्याने उतरत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकला तर तोही चुन्यात अडकून बसतो. शिवाय काळ्या जमिनीत सप्टेंबरच्या झडीत पाणी तुंबलं की या झुडपांची मुळं चार-पाच दिवसांत कुजायला लागतात.

म्हणून पिशवी. २० ते २५ लिटरची ग्रो बॅग घ्या, तीत धुतलेलं कोकोपीट आणि चौथा हिस्सा भाताचं तूस किंवा परलाइट भरा. कोकोपीट धुतलेलं आहे असं विक्रेता म्हणतो, तरी स्वतः पुन्हा धुवा. खालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) मोजा आणि तो १ च्या आत येईपर्यंत धूत राहा. पिशवी बाहेरून पांढरी असू द्या, काळी पिशवी मार्चमध्ये मुळं शिजवते. पिशव्या थेट जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा गादीवाफ्यावर ठेवा, म्हणजे निचरा मोकळा राहील आणि मुळं खालच्या मातीत शिरणार नाहीत. जागा मात्र अशी निवडा की पिशव्यांखालून गेलेलं पाणी एखाद्या झाडाला मिळेल.

एका गुंठ्यात ओळींत अडीच मीटर आणि दोन पिशव्यांत पाऊण मीटर ठेवलं तर पन्नास-चोपन्न रोपं बसतात. शिकायला तेवढी पुरेत. वर ३५ ते ५० टक्क्यांची नेट लागेल, पण ती सरकवता येईल अशी बांधा. डिसेंबर-जानेवारीत ऊन पूर्ण मिळालं पाहिजे, सावलीत काड्या नुसत्या लांब होतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून नेट ओढून घ्या. कडक उन्हात ब्लॅकबेरीचे उन्हाकडचे दाणे पांढरे पडतात आणि असं फळ कोणी घेत नाही.

पाण्याची तपासणी लागवडीच्या आधी, आत्ताच करून घ्या. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी त्यातल्या त्यात गोडं असतं, तरी त्यात सामू वर नेणारं बायकार्बोनेट भरपूर निघतं. मे महिन्यातला आकडा याहून वाईट असणार हे धरून चाला. ही पिकं क्षाराला फार हळवी आहेत. आत्ताच ईसी १ च्या पुढे असेल आणि शेततळ्यात पावसाचं पाणी साठवलेलं नसेल, तर हा विषय इथेच सोडा. पाणी चालण्यासारखं असेल तर सामू सहापर्यंत उतरवायला फॉस्फरिक आम्ल वापरता येतं. मात्रा दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका, कारण प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं असतं. २० लिटरची बादली घ्या, थेंब थेंब घालत सामू मोजा आणि तिथून टाकीचा हिशेब काढा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. घरातल्या पोरांच्या हाती ती लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा.

खतं ठिबकमधूनच, थोडी-थोडी आणि रोजच्या रोज. पोटॅशसाठी ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) वापरा, लाल पोटॅश नको, त्यातल्या क्लोराइडने पानांच्या कडा करपतात. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळी ठेवा. ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतात मिसळलं की साका बसतो आणि ड्रिपर बुजतात. लोह चिलेटेडच द्या. कोकोपीटमध्ये सामू सहाच्या आसपास राखला तर ईडीटीए प्रकारचं चिलेट चालतं. सामू वर सरकत असेल तर ईडीडीएचए लागतं, ते महाग असलं तरी. हिवाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला लिटर-दोन लिटर पाणी पुरतं. मार्चनंतर तीन ते चार लिटर लागतं आणि तेही चार-सहा वेळा विभागून. पिशवीत कोकोपीट थोडं, त्यामुळे दुपारी वीज गेली आणि पाणी चुकलं तर झाड संध्याकाळची वाट पाहत नाही. टाकी उंचावर ठेवून उताराने पाणी देण्याची सोय असलीच पाहिजे. आपल्याकडच्या भारनियमनात ही सोय नसेल तर पिशवीतली शेती करूच नये.

लागवड परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात करा. रोप जिथे ठेवणार त्या नेटखाली आधी टोमॅटो, वांगी, मिरची होती का ते आठवा. त्या पिकांवरच्या मर रोगाची बुरशी रास्पबेरी-ब्लॅकबेरीलाही धरते, म्हणून तिथली माती पिशवीत अजिबात जाऊ देऊ नका. काडी मीटरभर झाली की शेंडा खुडा, म्हणजे बगलफूट येते आणि फळ बगलफुटीवर लागतं. दोन्ही बाजूंनी तारा ओढून काड्या त्यांच्यामध्ये धरा. पहिल्या हिवाळ्यात मिळेल ते फळ चव बघण्यापुरतं.

खरा डाव दुसऱ्या वर्षाचा. फळ संपलं की मार्चअखेर काड्या बुडापासून कापा, नेट दुहेरी करा आणि उन्हाळाभर फक्त मुळं जगवा. लाल कोळी याच काळात नेटखाली वाढतो, पानाची खालची बाजू दर दोन-तीन दिवसांनी पाहा. पावसाळ्यात आलेली फूट पुन्हा पोळ्याच्या सुमारास कापली, तर नवी काडी साधारण पाच महिन्यांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत तोडणीला येईल असा हिशेब बसतो. फुलं आणि फळं पस्तिशीच्या उन्हात न सापडण्याचा आपल्याकडे हा एकच मार्ग मला दिसतो. द्राक्षवाल्यांना डोळे फोडायला हायड्रोजन सायनामाइडचं (डोर्मेक्स) पेस्टिंग माहीत आहे. मेक्सिकोत मिचोआकानमध्येही 'तुपी' या ब्राझीलच्या जातीची पानं झाडून आणि संजीवकं फवारून थंडीविना फुलं आणतात. म्हणून आपणही डोर्मेक्स लावून पाहू, असं करू नका. औषध कोणतंही असो, लेबलवर आपलं पीक छापलेलं नसेल तर ते फवारायचं नाही. ही फळं सोलली जात नाहीत, अनेकदा धुतलीही जात नाहीत, लेकरं थेट तोंडात टाकतात.

आता विक्री. आधी गिऱ्हाईक आणि मग रोप, हा क्रम मोडू नका. ब्लॅकबेरी तोडल्यावर पिकत नाही, म्हणजे पूर्ण काळी झाल्यावरच तोडायची. आणि पूर्ण काळी झालेली फळं बाहेर ठेवली तर एका दिवसात रस सोडतात. पहाटे ऊन चढायच्या आत तोडणी, तीही दर दोन-तीन दिवसांनी, चुकवून चालत नाही. तोडलेलं फळ थेट १२५ ग्रॅमच्या पनेटमध्ये (छोट्या डबीत) घ्यायचं, दुसऱ्यांदा हाताळायचं नाही, आणि तासा-दोन तासांत शून्य ते एक अंशावर न्यायचं. मजुरी किलोवर ठरवू नका, कापसाच्या वेचणीसारखी घाई झाली की फळ चेपतं. रोजाने लावा आणि नखं कापायला सांगा. समृद्धी महामार्गामुळे जालना, संभाजीनगरहून मुंबई जवळ आली हे खरं. पण रस्ता चांगला म्हणजे गाडी थंड असं नाही. शीतगाडी फक्त तुमच्या दहा किलोंसाठी निघत नाही. गावात पाच-सहा जण मिळून करणार असाल, किंवा संभाजीनगरच्या हॉटेल-बेकरीवाल्यांशी ठरलेल्या दराने रोज माल द्यायची बोली झाली असेल, तरच पुढे जा. "माल आम्ही उचलू" म्हणणाऱ्याला करारात तीन गोष्टी लिहून मागा: किमान दर, माल नाकारायचे निकष आणि थंड गाडीचा खर्च कोणाचा.

रोप घेताना परवानाधारक रोपवाटिकेचं पक्कं बिल घ्या, जातीचं नाव त्यावर लिहून घ्या. परदेशातून आणलेलं रोप असेल तर आयात परवाना आणि विलगीकरणाचे कागद दाखवा म्हणा. ऑनलाइन मिळणारं बी घेऊच नका, बियांपासून आलेलं झाड आईसारखं निघत नाही. विक्रेत्याने दाखवलेल्या फोटोवरून ठरवू नका. ज्या बागेला आपल्या भागात दोन उन्हाळे झाले आहेत, अशी एक तरी बाग मे महिन्यात जाऊन पाहा, आणि नसेल तर नाही म्हणा. माती-पाण्याचे अहवाल घेऊन परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात उद्यानविद्येच्या तज्ज्ञाला भेटलात तर तासाभरात बरंच उलगडेल.

ज्यांना बेरीसारखंच रंगीत, आंबटगोड, सरबताला चालणारं फळ हवं आहे आणि जमीन चुनखडीची आहे, त्यांनी फालशाकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं. फालसा ४४-४५ अंश सोसतो, हलकी-मुरमाड जमीन आणि थोडा जास्त सामू चालवून घेतो, पाणी कमी मागतो. अडीच बाय अडीच मीटरवर लावा. तिसऱ्या वर्षापासून डिसेंबर-जानेवारीत कमरेइतक्या उंचीवर सगळं झाड छाटा, फळ नव्या फुटीवर येतं आणि एप्रिल-मे महिन्यात, सरबताच्या दिवसांतच उतरतं. तेही दोन दिवस टिकत नाही, म्हणून जवळचं शहर किंवा घरचा रस काढायचा उद्योग सोबत हवा. आणि बीड-जालन्याकडे ज्यांची रेशमाची तुती उभी आहे, त्यांनी बांधालगतची एक ओळ पाल्यासाठी न कापता फळासाठी सोडून पाहावी. त्या ओळीवर कोणतंही औषध फवारू नका, वाऱ्याने शेजारच्या पाल्यावर गेलं तर अळ्यांची बॅच जाईल. फळ झाडाखाली स्वच्छ नेट किंवा चादर अंथरून सकाळी हलक्या हाताने झटकून गोळा करा आणि त्याच दिवशी विका किंवा वाळवायला घाला.