किंबर्लीच्या किनाऱ्यावर क्रूझला निघताय? आधी या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला ब्रूम आणि डार्विन या शहरांच्या मधे जो किनारा आहे, किंबर्ली म्हणतात त्याला, तिथे एकदा बोट निघाली की दिवसच्या दिवस गाव दिसत नाही, रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही. एवढा खर्च करून एवढ्या लांब जायचं आणि लोक तारीख कशावरून ठरवतात तर ऑफिसची सुट्टी आणि डिस्काउंट! मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण इथे काय दिसणार हे बरंचसं तारखेवरच ठरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ड्राय सीझनचे सगळे महिने सारखेच समजणं. बोटी साधारण एप्रिल-मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर चालतात, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथे चक्रीवादळांचा काळ. पण पाऊस पडतो तो याच काळात, आणि धबधब्यांचं पाणी त्याच पावसाचं, म्हणजे सीझन जसा पुढे सरकतो तसे धबधबे आटत जातात. किंग जॉर्ज फॉल्सच्या सुमारे 80 मीटर उंचीच्या जोडधारा मे महिन्यात बोटीच्या समोर कोसळत असतात, आणि सप्टेंबरमध्ये त्याच जागी बहुतेक नुसता लाल कडा उरतो. म्हणून धबधबे बघायचे असतील तर जूनच्या मध्याच्या आत जा. ऑगस्टचीच तारीख मिळतेय? मग नाराज होऊ नका, फक्त अपेक्षा बदला. तेव्हा हंपबॅक व्हेल अंटार्क्टिकाकडून पिल्लं द्यायला इथल्या कॅम्डेन साउंड या उपसागरापर्यंत आलेले असतात, आणि हे मेमध्ये जाणाऱ्याला दिसत नाही. ऑक्टोबर मात्र शक्यतो नकोच, उकाडा आणि दमटपणा जीव काढतो.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात, ती म्हणजे चंद्र. या किनाऱ्यावर काही ठिकाणी भरती-ओहोटीत 11-12 मीटरचा फरक पडतो. टॅल्बट बेमधला हॉरिझॉन्टल फॉल्स हा धबधबा नाहीच मुळात, डोंगराच्या दोन अरुंद फटींमधून समुद्राचं पाणी वेळेत पलीकडे जाऊ शकत नाही म्हणून एका बाजूला पातळी चढते आणि पाणी आडवं उसळत धावतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला हे जोरात, अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला मवाळ. (2028 पासून त्या फटींमधून बोटी नेणं बंद होणार आहे, इथल्या मूळ रहिवासी डांबीमांगारी लोकांची तशी मागणी होती, आणि ती योग्यच आहे.) माँटगोमेरी रीफवर तर फरक आणखी जाणवतो. ओहोटी लागली की आधी पाण्यावर नुसती एक तपकिरी रेघ दिसते, मग बघता बघता अख्खं खडकाळ पठार वर येतं, त्याच्या कडांवरून शेकडो ओहोळ खाली पडायला लागतात, त्या पाण्यात कासवं डोकी वर काढतात आणि बगळे काठावर मासे टिपत उभे असतात. बुकिंग करताना कॅलेंडर उघडा आणि कंपनीला सरळ विचारा की रीफवर कुठल्या दिवशी, ओहोटीच्या कुठल्या वेळेला पोचणार.

मोठं जहाज म्हणजे जास्त चांगलं असं इथे नाही. मोठ्या जहाजावरून बरंचसं लांबूनच बघावं लागतं, झोडियाकमधून (हवा भरलेल्या छोट्या रबरी होडीतून) नदीच्या घळीत शिरायला छोटी एक्स्पिडिशन बोटच हवी. बुकिंगआधी रोज किती वेळा किनाऱ्यावर उतरवतात आणि मिचेल फॉल्सचं हेलिकॉप्टर पॅकेजमध्ये आहे की वेगळे पैसे, हे विचारून घ्या.

पाणी निळंशार दिसलं म्हणून उतरायचं नाही, हात-पायसुद्धा बोटीबाहेर सोडायचे नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे समुद्रात, नदीत, खाडीत सगळीकडे असतात. गाइड नेईल त्या वरच्या गोड्या कुंडात, तो हो म्हणाला तरच पोहायचं.

आणि हा किनारा निर्मनुष्य वाटला तरी बेवारस नाही. डांबीमांगारी, वुनांबल गांबेरा, बलांगारा या लोकांची ही भूमी आहे. मोठ्या डोळ्यांची, तोंड नसलेली, खडकांवर रंगवलेली वांजिना चित्रं त्यांच्यासाठी आजही पवित्र आहेत, तेव्हा फोटो काढायच्या आधी विचारा, चित्राला हात लावू नका. वुनांबल गांबेरांच्या भागात उतरायला उंगू व्हिजिटर पास लागतो, तो तिकिटात धरलाय का बघा.

बाकी बारीकसारीक. डार्विनचं घड्याळ ब्रूमच्या दीड तास पुढे असतं, त्यामुळे परतीचं विमान नीट बघून घ्या आणि मधे एक रात्र मोकळी ठेवा. इन्शुरन्समध्ये मेडिकल इव्हॅक्युएशन हवंच, कारण हॉस्पिटल विमानाच्या अंतरावर आहे. डार्विनकडून निघालात तर जोसेफ बोनापार्ट गल्फचा पट्टा उघड्या समुद्राचा, बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. बूट मात्र ओले झाले तरी चालतील असे, पकड चांगली असलेले न्या.