पहिलं कॉमिक करताय ना? मग आधी बबल काढा

कॉमिकची असाइनमेंट मिळाली की आपण डिझाइनवाले पहिलं काय करतो, तर कॅरेक्टर शीट. हिरो पुढून, बाजूनं, मागून, हसताना, चिडताना, त्याची सॅक, सॅकवरचे बिल्ले, पिंटरेस्टवर तीन बोर्ड, आणि आठवडा संपतो तेव्हा कॅरेक्टर झकास असतं पण त्याला करायला काही कामच नसतं. म्हणून मी उलट्या टोकाकडून सांगतोय. आधी गोष्ट, मग कोण काय बोलतं, ते बोलणं पानावर कुठे बसतं, आणि चित्र त्यानंतर.

गोष्ट छोटी म्हणजे खरंच छोटी घ्या. आठ पानांत एका माणसाची एकच अडचण मावते. समजा, ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम दाखवायच्या दिवसाच्या) आदल्या रात्री एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन प्रिंटवाल्याकडे पोचते, काका शटर ओढायच्या बेतात आहेत, ती गयावया करते, ते थांबतात, आणि फाइल उघडतच नाही. एवढं पुरे. तिचं बालपण नको, स्वप्नात येणारा एलियन नको, पृथ्वी वाचवणं तर अजिबात नको (दर बॅचमध्ये एक जण वाचवतोच).

आठच पानं का, तर मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. ए-४ चे दोन कागद मधे दुमडले की ए-५ ची आठ पानं होतात. पहिलं कव्हर, आठवं मागचं कव्हर, मधली सहा गोष्टीला. चार-पाच चौकटी धरल्या पानाला तर चोवीस ते तीस चित्रं झाली, पहिल्या वेळेला हेही भरपूर आहे.

आता दोन कोरे कागद घ्या, दुमडा, एकात एक घाला आणि पानांवर १ ते ८ नंबर टाका. हा डमी सुरुवातीलाच करायचा, शेवटी नाही. कारण हातात धरला की कळतं की २-३ समोरासमोर येतात, ४-५ आणि ६-७ पण, आणि पान उलटताना वाचक एक क्षण थांबतो. तो क्षण फुकट घालवू नका. काका फाइलवर डबल क्लिक करतात ती चौकट पाचव्या पानाच्या तळाशी ठेवा आणि एरर सहाव्यावर, पान उलटल्यावर. एरर पाचव्यावरच टाकली तर डोळा आधीच तिकडे जातो आणि सगळी मजा गेली.

मग थंबनेल, म्हणजे प्रत्येक पानाचा छोटा कच्चा आराखडा. काडीची माणसं चालतील पण संवाद पूर्ण लिहायचे. आणि इथे बबल, म्हणजे संवादाचे फुगे, आधी काढायचे हा माझा हट्ट आहे. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो, म्हणजे जो आधी बोलतो त्याचा बबल डावीकडे वर. काका आधी बोलणार असतील तर काका डावीकडे उभे पाहिजेत, नाहीतर बबलच्या शेपट्या एकमेकींना कापत जातात आणि उत्तर आधी, प्रश्न नंतर असं वाचलं जातं. म्हणजे कोण कुठे उभं राहणार हे बबलच ठरवतात. बहुतेक जण आधी सुंदर चित्र काढतात आणि मग उरलेल्या फटीत मजकूर कोंबतात, चेहऱ्यावर बबल येतो तो त्यामुळेच.

एका चौकटीत शक्यतो दोनच बबल, आणि एका बबलमध्ये दहा-बारा शब्दांच्या वर जाऊ नका. संवाद मोठ्यानं वाचून बघा. "काका, कृपया दुकान बंद करू नका" असं रात्री नऊ वाजता कोणी म्हणत नाही, "काका काका, एकच प्रिंट!" म्हणतात. आणि चित्रात ती धावताना दिसतेय तर वर "ती धावत निघाली" लिहायची गरज नाही.

मराठी लेटरिंगचा, म्हणजे बबलमधल्या अक्षरांचा, वेगळा विचार करावा लागतो, यूट्यूबवरचे इंग्रजी ट्यूटोरियल इथे फारसे कामाला येत नाहीत. तिकडे सगळी अक्षरं कॅपिटल आणि एका उंचीची. आपल्याकडे वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. फॉन्टसाठी मुक्ता किंवा बलू बघा, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे आणि फुकट. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत पहिली वेलांटी भलत्याच बाजूला पडली किंवा जोडाक्षरं सुटली तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. कुठलाही फॉन्ट पक्का करण्याआधी त्यात "दुसऱ्या", "लाल शाल" असं काहीतरी टाइप करून बघा, बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. कळतं की नाही म्हणाल तर कळतं, पण खटकतं. हातानं लिहिलंत तर अजून छान, फक्त शिरोरेषेसाठी पेन्सिलीनं लाइन मारून घ्या.

आवाज मात्र फॉन्टमध्ये नकोच, चित्राचाच भाग म्हणून काढा. धप्प, धाडकन, खळ्ळ, चर्रर्र, फटाक, आपल्याकडे एवढी श्रीमंती असताना लोक बूम आणि क्रॅश का लिहितात कळत नाही. शटरचा "खर्रर्रर्र" काढताना शिरोरेषा चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढता येते, अक्षरं शटरसारखी खाली उतरवता येतात. ही सोय रोमन अक्षरांना नाही.

कॅरेक्टर आता. लांबून नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू आलं पाहिजे, एवढीच अट. तिला मोठी शीट होल्डर ट्यूब द्या पाठीवर, काकांना पोट आणि गळ्यात अडकवलेला चष्मा. मग पंधराव्या चौकटीत नाक थोडं बदललं तरी चालून जातं. बॅकग्राउंड प्रत्येक चौकटीत नको, पण नवीन जागा आली की पहिल्या चौकटीत ती नीट दाखवा, काउंटर कुठे, दार कुठे, आणि मग दोघांच्या बाजू अदलाबदल करू नका.

फायनल कागदावर करत असाल तर ए-४ वर काढा आणि ए-५ ला छापा. ते साधारण ७१ टक्क्यांवर येतं, रेषा घट्ट दिसतात, पण अक्षरंही तेवढीच बारीक होतात हे विसरू नका. जास्तीत जास्त मजकूर असलेलं एक पान आधी खऱ्या साइझला प्रिंट काढून बघा, स्क्रीनवर झूम करून काही कळत नाही. चौकटींना ०.८ मिमीचं पेन, आकारांना ०.५, बारकाव्यांना ०.३. आडव्या ओळींमधली गॅप उभ्या गॅपपेक्षा किंचित जास्त ठेवली की डोळा आपोआप आडवा जातो. कडेपासून एक सेंटीमीटरच्या आत अक्षरं नकोत. काळंपांढरं असेल तर स्कॅन ६०० डीपीआयला. झेरॉक्स काढणार असाल तर ग्रे शेडच्या भानगडीत पडू नका, ठिपके ठिपके येतात, त्यापेक्षा रेघोट्या किंवा सरळ गच्च काळं. डिजिटल करत असाल तर क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरतं. मजकूर फक्त वेगळ्या लेयरवर ठेवा, शुद्धलेखनाच्या चुका शेवटच्या रात्रीच सापडतात.

छापायच्या आधी थंबनेलचा डमी गोष्ट माहीत नसलेल्या कोणाला तरी द्या आणि गप्प बसा. कुठे मागे जाऊन परत वाचतो ते बघा, तिथे बबलचा क्रम गंडलाय. समजावून सांगायला गेलात तर टेस्ट बाद.

प्रिंटला पानं क्रमानं नसतात. एका कागदावर ८ आणि १, त्याच्या मागे २ आणि ७, दुसऱ्यावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५, बेरीज कायम नऊ. दुकानात दोन्ही बाजूंनी काढायला सांगताना कागद आखूड बाजूवर उलटा असं सांगा, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी येतात. एक कॉपी काढा, दुमडून बघा, मगच बाकीच्या. लांब स्टेपलर नसेल तर घडीवर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्यानं शिवा, मधल्या भोकातून आत जायचं, दोन्ही टोकांच्या भोकांतून फिरून परत मधूनच बाहेर यायचं आणि गाठ मारायची.