ग्रीनव्हिलच्या जुन्या अंकांत शिरण्याआधी

प्रबंधासाठी अमेरिकेच्या दक्षिणेतलं छोटं शहर आणि तिथलं दैनिक घ्यायचं असेल, तर मिसिसिपीतलं ग्रीनव्हिल घ्या. २०२०च्या जनगणनेत वस्ती तीस हजारांच्या आत, पण लेखक-संपादकांचं पीक अमाप. जुने अंक कसे चाळायचे हे येतं असं धरतो. पाय कुठे घसरतो तेवढंच सांगतो.

आधी गाव नक्की करा. ग्रीनव्हिल दक्षिण कॅरोलायनात आहे, उत्तर कॅरोलायनात आहे, टेक्सासातही आहे. शोधाच्या यादीत नागरी हक्क चळवळीतले जेसी जॅक्सन आले की समजा शोध दक्षिण कॅरोलायनात गेला. मग पत्राचं नाव. हॉडिंग कार्टर यांनी १९३६ साली 'डेल्टा स्टार' काढला. १९३८मध्ये 'डेमोक्रॅट-टाइम्स' त्यात मिळाला आणि 'डेल्टा डेमोक्रॅट-टाइम्स' झाला. आजच्या नावाने शोधाल तर १९३७ हाती लागणारच नाही.

खरा खड्डा पुढे आहे: अग्रलेख कुणाचा? आपल्याकडे जसं अग्रलेखाखाली नाव नसतं, तसंच तिथेही बहुधा नसतं. नवखा माणूस सरसकट 'कार्टर म्हणतात' लिहितो आणि परीक्षक तिथेच पकडतो. कारण १९४० साली कार्टर पत्रकारांसाठीच्या नीमन फेलोशिपवर हार्वर्डला होते, त्यानंतर लष्करात गेले, कैरोत लष्करी वृत्तपत्राचं काम पाहिलं. त्या वर्षांतला अग्रलेख त्यांच्या नावावर घालायला पुरावा लागतो. त्यात मुलाचं नावही हॉडिंग कार्टरच, आणि तोही याच पत्राचा संपादक. थोरल्यांना कुठे 'ज्युनियर' म्हणतात, कुठे 'दुसरे', मुलगा 'तिसरा'. १९४६चं पुलित्झर थोरल्यांचं. इराणमधल्या ओलिसांच्या काळात परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता होता तो मुलगा. तो जिमी कार्टर यांच्या सरकारात होता म्हणून नातं जोडू नका, नातं नाही.

म्हणून प्रत्येक अग्रलेखापुढे चार रकाने भरा: तारीख, पान, मायक्रोफिल्मच्या रिळाचा क्रमांक, आणि 'त्या दिवशी कार्टर कुठे'. चौथा रिकामा असेल तर 'पत्राची भूमिका' असं लिहा. कमीपणा नाही त्यात. मजकुरातलं 'मी' आणि 'आम्ही'ही पाहा. १९५५ साली 'लुक' मासिकातल्या कार्टर यांच्या लेखावरून मिसिसिपीच्या प्रतिनिधिगृहाने ८९ विरुद्ध १९ मतांनी त्यांना खोटारडं ठरवलं. उत्तर छापून आलं ते असं: मीही १ विरुद्ध ० मतांनी ठराव करतो की विधिमंडळात ८९ खोटारडे आहेत. इथे लेखक कोण, हा प्रश्नच उरत नाही. असे अग्रलेख आधी जमवा, मग त्यांच्या शैलीशी बाकीचे ताडा. शंका उरलीच तर कार्टर यांची कागदपत्रं मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत आहेत.

शब्द टाकून शोधण्यावर भिस्त ठेवू नका. रकान्याच्या कडेला तुटलेलं 'ग्रीन-' आणि 'व्हिल' यंत्राला जुळवता येईलच असं नाही. ज्या गाईडने आयुष्यात एक रीळ फिरवलेलं नाही, त्याच्या 'सगळं ऑनलाइन आहे'ला माझ्या लेखी किंमत शून्य. रिळांना घाबरू मात्र नका, दोन दिवसांत हात बसतो.

गावची नामवंत मंडळी लिहिताना 'ग्रीनव्हिलचे' हा शब्द जपून. लेखक शेल्बी फूट इथेच जन्मले आणि काही काळ 'डेल्टा स्टार'साठी बातमीदारीही केली. कादंबरीकार वॉकर पर्सी जन्माने अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे. आईवडील गेल्यावर नात्यातले कवी विल पर्सी यांच्याकडे वाढले ते इथे. हे विल पर्सी म्हणजे कार्टर यांना गावात आणणाऱ्यांपैकी एक. 'मपेट्स' बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांचा जन्म इथला, बालपण जवळच्या लेलंडचं. जन्म, बालपण, काम असं वेगवेगळं लिहिलंत की वादच मिटला.

बायकांच्या बाबतीत दुप्पट काळजी. कादंबरीकार एलेन डग्लस हे टोपणनाव. खरं नाव जोसेफिन हॅक्स्टन, जन्म नॅचेझचा. जुन्या समाजवार्तांत लग्न झालेली गोरी बाई नवऱ्याच्या नावाने छापायची पद्धत होती, तेव्हा 'मिसेस केनेथ हॅक्स्टन' हेही शोधून पाहा. कृष्णवर्णीय बाईच्या नावाआधी दक्षिणेतली बहुतेक पत्रं 'मिसेस' लावतच नसत. तिथे नुसत्या नाव-आडनावाने शोधावं लागतं.