नाव बदललं, नंबर तोच: आरोग्य विमा कंपनीचा इतिहास कसा लावायचा

विमा कंपनीत, टीपीएमध्ये (कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) किंवा ब्रोकरकडे नवीन लागलेल्यांना पहिल्या महिन्यातच एखाद्या आरोग्य विमा कंपनीची प्रोफाइल करायला सांगतात. बहुतेक जण संकेतस्थळावरचं 'आमच्याविषयी' उचलतात आणि तिथेच फसतात. ते पान जाहिरात विभागाचं असतं, त्यात जुनी नावं सोयीने गळलेली असतात. कंपनीचा माग काढायचा तर आधी दोन नंबर शोधा.

पहिला सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, पॉलिसीच्या कागदावर अगदी तळाशी बारीक अक्षरात. एकूण २१ खुणा: पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही, मग पाच आकडी उद्योग-संकेत, दोन अक्षरी राज्य, चार आकडी स्थापनावर्ष, तीन अक्षरी प्रकार आणि सहा आकडी नोंदणी क्रमांक. नाव कितीदाही बदललं तरी हे वर्ष हलत नाही. मात्र ते कंपनी नोंदल्याचं वर्ष आहे, धंदा सुरू झाल्याचं नव्हे. स्टार हेल्थच्या सीआयएनमध्ये २००५ आहे, परवाना मिळाला २००६ मध्ये. निवा बूपाच्या सीआयएनमध्ये २००८ आहे, पॉलिस्या विकायला सुरुवात २०१० मध्ये. दुसरा नंबर इर्डाईच्या, म्हणजे विमा नियामकाच्या नोंदणीचा. तोही नामांतरानंतर तसाच राहतो.

आता एक चकवा. एचडीएफसी अर्गोचा सीआयएन 'यू ६६०३० एमएच २००७...' असा आहे. नवखा लगेच लिहितो, 'स्थापना २००७'. पण एचडीएफसी-चब हा संयुक्त उपक्रम त्याच्या कितीतरी आधीचा, आणि २००८ मध्ये चबच्या जागी जर्मनीची अर्गो आल्यावर त्याचं नाव बदललं. मग २००७ आलं कुठून? २०१६ मध्ये एल अँड टी जनरल इन्शुरन्स विकत घेतली आणि पुढच्या वर्षी जुनी अर्गो कंपनीच त्या विकत घेतलेल्या कंपनीत विलीन केली. घेणाऱ्याचं नाव टिकलं, कायदेशीर देह दुसऱ्याचा राहिला. त्यामुळे विलीनीकरण दिसलं की 'कोण कोणात गेलं' हे विलीनीकरणाच्या आदेशातच बघा. बातमीच्या मथळ्यावर विसंबू नका.

मागची पार्श्वभूमी थोडक्यात पुरे. १९७२ च्या कायद्याने १०७ सर्वसाधारण विमा कंपन्या एकत्र करून नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया अशा चार केल्या. मेडिक्लेम आली १९८६ मध्ये, खासगी कंपन्यांना दार उघडलं २००० मध्ये. फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या, ज्यांना या क्षेत्रात 'साही' म्हणतात, त्यांची सुरुवात २००६ मध्ये स्टारपासून.

खरी गंमत मालकीच्या साखळीत आहे. परदेशी भागीदाराला आधी २६ टक्के, २०१५ पासून ४९ आणि २०२१ पासून ७४ टक्के मर्यादा होती. हे तीन टप्पे कागदाच्या डाव्या कडेला लिहून ठेवा आणि मग करार मांडा. अर्ध्या घडामोडींचं कारण तिथेच सापडतं. मॅक्स बूपात ब्रिटनची बूपा २६ टक्क्यांवर आली, पुढे ४९ वर गेली. २०१९ मध्ये मॅक्सचा ५१ टक्के हिस्सा ट्रू नॉर्थ या गुंतवणूक फंडाने घेतला, २०२१ मध्ये नाव निवा बूपा झालं, २०२४ मध्ये बूपा बहुमताची मालक झाली आणि त्याच वर्षी शेअर बाजारात नोंदणी झाली. नाव मात्र हिस्सा विकल्यावर लगेच बदललेलं नाही. विकणाऱ्या गटाचं नाव काही काळ वापरायची मुभा अशा करारांत असते, म्हणून मालकी बदलल्याची तारीख आणि नाव बदलल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने करा. रेलिगेअर हेल्थची केअर आणि सिग्ना टीटीकेची मणिपाल सिग्ना झाली, तिथेही हीच काळजी घ्या.

भागधारकांची यादी कंपनीच्या सार्वजनिक प्रकटनांत एनएल-९ या फॉर्ममध्ये मिळते. दर तिमाहीचा उतरवून घ्या; दोन तिमाहींमधला फरक म्हणजेच व्यवहार. कंपनी नोंदलेली असेल तर आयपीओच्या माहितीपत्रकातला इतिहासाचा भाग सर्वांत भरवशाचा, कारण त्यात नामांतराचं कारण आणि नव्या प्रमाणपत्राची तारीख दोन्ही द्यावी लागतात. कंटाळवाणं वाचन आहे, पण दोन तासांत काम होतं.

आकड्यांत चुका होतात त्या तुलनेच्या. नव्या कंपनीचं दाव्यांचं प्रमाण (हप्त्यांच्या तुलनेत दाव्यांचा खर्च) कमी दिसतं, म्हणून ती कार्यक्षम ठरत नाही. तिचे ग्राहक नुकतेच तपासून घेतलेले असतात आणि बरेचसे अजून प्रतीक्षा कालावधीत असतात, म्हणजे काही आजारांचे दावे त्यांना अजून मिळत नाहीत. तीन-चार वर्षांनी हा कालावधी सरतो, माणसं म्हातारी होतात, प्रमाण चढतं. त्यामुळे प्रमाणाच्या शेजारी कंपनीचं वय आणि वैयक्तिक-समूह व्यवसायाची वाटणी हवीच. कोविडची वर्षं वेगळी खूण करून ठेवा: २०२१-२२ मध्ये स्टारचा तोटा हजार कोटींच्या वर होता, पुढच्याच वर्षी नफा. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून अनेक वर्षांच्या पॉलिसीचा हप्ता एकदम न दाखवता वर्षागणिक विभागून दाखवायचा नियम आहे. आधीच्या आणि नंतरच्या वाढीचे टक्के सरळ शेजारी ठेवले तर धंदा अचानक मंदावल्यासारखा वाटतो.

हे सगळं दाव्यांच्या टेबलावर उपयोगी पडतं. अपोलो डीकेव्हीची अपोलो म्युनिक झाली, जानेवारी २०२० मध्ये ती एचडीएफसीकडे गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एचडीएफसी अर्गोत विलीन झाली. ऑप्टिमा रिस्टोअर या तिच्या योजनेचा जुना ग्राहक म्युनिकच्या नावाची पॉलिसी घेऊन येतो, तेव्हा 'ही आमची कंपनी नाही' म्हणायचं नसतं. विलीनीकरणात जबाबदाऱ्याही आलेल्या असतात. पॉलिसी न खंडता चालू असेल तर पहिल्या पॉलिसीची तारीखच धरायची. आता ६० महिने सलग झाले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, म्हणून एका खंडाचा फरकही मोठा पडतो.

तिथेच यूआयएनही, म्हणजे विमा योजनेचा ओळख क्रमांकही तपासा. त्याच्या शेवटी 'व्ही०४२०२१' असेल तर नवखे '२०२१ सालची' म्हणून वाचतात. वाचायचं असं: चौथी आवृत्ती, आर्थिक वर्ष २०२०-२१. कंपनीचं नाव बदललं की यूआयएनची पहिली तीन अक्षरंही बदलू शकतात, म्हणून जुना यूआयएन नव्या यादीत सापडला नाही तर पॉलिसी खोटी ठरवण्याआधी आवृत्त्यांची साखळी मागे लावत जा.